पाणी आलं का?

आमच्या भांडुपच्या चाळीत सकाळी कोणी कोणाला 'गुड मॉर्निंग' म्हणत नसे. "पाणी आलं का?" एवढं विचारलं की दिवस सुरू व्हायचा. पहाटे साडेचारला नळातून आधी हवेचा सुस्कारा यायचा, मग खोकल्यासारखा आवाज, आणि मग पाणी. त्या सुस्काऱ्यानेच आई जागी व्हायची. घड्याळाचा गजर आमच्याकडे शोभेपुरता होता.

त्यामुळे २००७ च्या एप्रिलमध्ये आई पहिल्यांदा मॉरिसव्हिलला आली, तेव्हा पहिल्याच रात्री झोपताना तिने विचारलं, "इथं पाणी किती वाजता येतं रे?" मी हसलो. माझी आठ वर्षांची मुलगी तर पोट धरून हसली. "आजी, ते येत नाही, ते असतंच!"

आईचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजमधली रंगाची रिकामी बादली घासूनपुसून बाथटबमध्ये आली. शॉवरचं पाणी गरम होईपर्यंत जे गार पाणी वाहून जातं, ते त्या बादलीत धरायचं आणि डेकवरच्या कुंड्यांना घालायचं. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. माझ्या बायकोने दोन वर्षं जिवापाड जपूनही तो कढीपत्ता वीतभरच राहिला होता, तो त्या उन्हाळ्यात कमरेएवढा झाला. मंडळाच्या पिकनिकला आईने त्याच्या फांद्या वाटल्या. जुन्या सभासदांपैकी काहींकडे त्याची रोपं अजून असतील.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं.

आईचं माहेर शहापूर तालुक्यातलं, कसाऱ्याच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर वसलेलं. गावाचं नाव सांगत नाही. त्या भागात अशी कितीतरी गावं आणि पाडे आहेत, कोणत्याही एकाचं नाव घातलं तरी गोष्ट फारशी बदलणार नाही. लहानपणी मे महिन्यात आम्ही आजोळी जायचो. आजी, मामी आणि आई पहाटे कंदील घेऊन विहिरीवर जायच्या. विहीर म्हणजे कातळात खणलेला खोल खड्डा, तळाशी गढूळ डबकं. एकीने आत उतरायचं, करवंटीने पाणी कळशीत भरायचं, दुसरीने दोराने वर ओढायचं. एक हंडा भरायला कधी अर्धा तास लागे. मग डोक्यावर चुंबळ, त्यावर हंडा, त्यावर कळशी, आणि पायाखाली दगडांची वाट. आम्हा पोरांना ती सहल वाटायची.

गंमत अशी, की हा दुष्काळी मुलूख नव्हे. सह्याद्रीच्या या पट्ट्यात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या रॉलीच्या परिसरात पडतो अकराशे-बाराशे. म्हणजे आईच्या माहेरी इथल्या दुपटीहून जास्त पाऊस, पण तो सगळा चार महिन्यांत, आणि पडतो तो काळ्या कातळावर. वर मातीचा थर हातभर, खाली बसाल्ट. जंगल होतं तेव्हा पालापाचोळ्यात, मुळांत थोडं पाणी अडायचं. डोंगर उघडे झाले तसं ते काही तासांत ओढ्याला, ओढ्यातून नदीला जाऊ लागलं. होळी झाली की विहिरींचे तळ दिसू लागतात.

आणि नदीवर धरण. सत्तर-ऐंशीच्या दशकात भातसा धरण झालं. मामाची खालची भातशेती पाण्याखाली गेली. गाव उंचावर, म्हणून वाचलं. वाचलं असंच आम्ही म्हणत आलो. मारुतीच्या देवळामागे उभं राहिलं, की खाली जलाशय दिसतो, पसरलेला, निळाशार. भर मे महिन्यात रिकामा हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला तो तिथून रोज दिसतो. सातआठशे फूट खाली. ते पाणी मुंबईचं.

मुंबईला सात तलावांतून रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळतं, आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. तानसा १८९२ चा, मोडकसागर १९५७ चा, मध्य वैतरणा २०१४ चा. मुंबईची तहान वाढेल तशी धरणं ठाणे जिल्ह्यात आणि आसपासच्या डोंगरांत वाढत गेली. हे पाणी शुद्ध होतं पांजरापूरला आणि भांडुपला. भांडुपचं ते केंद्र आमच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. आम्ही पोरं मोठ्या जलवाहिन्यांवरून पळायचो, आत धों धों आवाज यायचा. आजोळच्या डोंगरावरून धावत सुटलेला पाऊस माझ्या पायाखालून चालला आहे, हे मला कोणी सांगितलं नाही. आईला ठाऊक असेल का? एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "ठाऊक असून काय करणार होते? नळ बंद ठेवणार होते?"

तर २००७. त्या वसंतात मी घरासमोरच्या लॉनसाठी जमिनीखालून स्प्रिंक्लर बसवून घेतले होते. त्याआधीच्या वर्षी आमच्या सोसायटीचं पत्र आलं होतं, की आपलं लॉन पिवळं दिसतं, कृपया लक्ष द्यावं. सगळ्या गल्लीत आपलंच लॉन पिवळं म्हणजे काय! मी दोन हजार डॉलर खर्चून टाकले. पहाटे पाच वाजता ते फवारे आपोआप सुरू व्हायचे. 'सूं' असा आवाज. आई दचकून उठायची. तिला वाटायचं, पाणी आलं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात मामाचा फोन आला. मामी विहिरीत उतरताना पाय घसरून पडली, खुबा मोडला. बैलगाडीने रस्त्यापर्यंत, तिथून जीपने नाशिकला. ऑपरेशन ठरलं होतं. आईने फोन ठेवला आणि काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे फवारे सुरू झाले तेव्हा मी खाली आलो, तर ती खिडकीशी उभी. एक फवारा वाकडा झाला होता आणि सगळं पाणी फुटपाथवर पडत होतं.

"हे बंद कर."

"अगं, आपोआप बंद होईल वीस मिनिटांत."

"आत्ता बंद कर."

मला राग आला, हे मी कबूल करतो. मी तिला सुनावलं, की माझं पाणी बंद करून मामीच्या विहिरीत पाणी जाणार आहे का? बोलणं बिनतोड होतं. तिने फक्त विचारलं, एका वेळेला किती पाणी लागतं याला? मी बिल काढून हिशेब केला. एका खेपेला साधारण हजार गॅलन, म्हणजे ३,८०० लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर अडीचशे हंडे. आई म्हणाली, "तुझी मामी दिवसाला सहा आणते." मग ती देवपूजेला गेली.

फवारे मी त्या दिवशी बंद केले नाहीत. तो निर्णय पुढे पावसानेच घेतला. त्या वर्षी इथं पाऊस दडी मारून बसला. जुन्या मंडळींना आठवत असेल, नॉर्थ कॅरोलायनाच्या नोंदीतल्या सर्वांत वाईट दुष्काळांपैकी तो एक होता. रॉलीला पाणी पुरवणारा फॉल्स लेक खाली खाली जात होता आणि आता किती दिवसांचं पाणी उरलं याचे आकडे रोज टीव्हीवर येत होते. ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर माईक ईझली यांनी पाणी निम्म्याने कमी वापरा असं आवाहन केलं. लॉनला पाणी घालण्यावर बंधनं आली. गल्लीतली सगळी लॉनं एकजात तपकिरी झाली आणि सोसायटीचं पत्र कोणालाच आलं नाही.

आपलं मॉरिसव्हिल तसं सुदैवी. २००६ पासून आपली पाणीव्यवस्था कॅरीकडे आहे आणि कॅरीचं पाणी येतं जॉर्डन लेकमधून. एका रविवारी आईला तिकडे घेऊन गेलो. पाणी मागे हटून लाल मातीचे काठ उघडे पडले होते, मध्येच जुन्या झाडांचे बुंधे. आईने एकच प्रश्न विचारला, "याच्या खाली कोणाची शेतं होती?" पंधरा-वीस वेळा तिथं बार्बेक्यू करूनही मला तो कधी पडला नव्हता. घरी येऊन शोधलं. १९४५ च्या पुरात केप फिअर नदीकाठचं फेएटव्हिल बुडालं होतं, म्हणून वरच्या अंगाला धरण बांधायचं ठरलं. १९६७ मध्ये काम सुरू झालं, तलाव भरला १९८२ च्या सुमारास. खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारने विकत घेतल्या. म्हणजे दोन्हीकडे मी ज्या पाण्यावर वाढलो, जगलो, ते कोणाच्या तरी शेतावर साठलेलं. आईने हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पैसे तरी वेळेवर मिळाले का त्यांना?" मामाच्या मोबदल्याची गोष्ट मोठी आहे, ती इथं नको.

आई ऑक्टोबरअखेर परत गेली. जाताना बादली बाथटबमध्येच ठेवून गेली.

आता खरी सांगायची गोष्ट. मामी पुढे काठीने चालू लागली, पण विहीर सुटली ती सुटलीच. तिच्या वाटचे हंडे सुनेच्या डोक्यावर गेले. मला टोचणी लागली होती. आपण अमेरिकेत राहणारे लोक टोचणीवर एकच औषध जाणतो. २०१० मध्ये मी आणि दोन मावसभावांनी, एक न्यू जर्सीचा, एक पुण्याचा, पैसे काढले आणि गावात बोअरवेल मारून दिली. तीनशे वीस फूट. पाणी लागलं त्या दिवशी मामेभावाने फोन कानाला न लावता बोअरच्या तोंडाशी धरला. मॉरिसव्हिलच्या ऑफिसात बसून मी तो आवाज ऐकला, आणि सांगायला लाज वाटते, डोळ्यांत पाणी आलं. त्या वर्षी आपल्या गणपतीच्या कार्यक्रमात मी त्यावर पाच मिनिटं बोललोही होतो. टाळ्या पडल्या होत्या.

दोन उन्हाळे बोअर चालली. तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये आधी चिखल आला, मग हवा. ते एक वेळ चाललं असतं. पण मारुतीच्या देवळामागे, खडकाच्या फटीतून, एक झरा होता. बोटाएवढी धार. आईच्या आजीच्या काळापासूनचा, मेअखेरपर्यंत तो कधी थांबला नव्हता. विहिरी आटल्या की गाव त्या धारेवर तग धरायचं. २०१३ पासून तो होळीलाच आटू लागला.

मामाने फोनवर ते सहज सांगितलं, दोष न देता. माझ्या मनात शंका यायला आणखी काही वर्षं गेली. पुण्याच्या अ‍ॅक्वाडॅम या भूजलाचं काम करणाऱ्या संस्थेचं नाव ऐकून मी झऱ्यांबद्दल वाचू लागलो, आणि माझ्या डोक्यातलं चित्रच बदललं. सह्याद्रीचा बसाल्ट हा एकसंध दगड नाही, ते थरांवर थर आहेत. सच्छिद्र थरात पाणी मुरतं, त्याखालच्या घट्ट थरावर थबकतं आणि आडवं सरकत जाऊन डोंगराच्या कुशीतून बाहेर पडतं. तो झरा. घट्ट थर म्हणजे जणू भांड्याचा तळ. बोअर मारताना तो तळ भोसकला गेला आणि वरच्या भागात नीट केसिंग पाईप नसला, तर वरचं पाणी त्याच भोकातून खाली निघून जाऊ शकतं. आमची बोअर देवळाच्या वर, दोनशे पावलांवर होती. केसिंग? बोअरवाल्याने सुरुवातीचे काही फूट घातलं होतं. आणखी घालायचे पैसे वेगळे पडणार होते आणि ते वाचवा, असं फोनवर मीच सांगितलं होतं.

माझ्या बोअरमुळेच झरा आटला, असं छातीठोक कोणी सांगू शकत नाही. वरच्या उतारावरची झाडं त्याच वर्षांत तुटली होती, पाऊसही एकदम कोसळून एकदम थांबू लागला होता. पण सांगता येत नाही म्हणजे सुटलो, असं वाटत नाही.

हे मी पहिल्यांदा मोकळेपणाने बोललो ते आमच्याच गल्लीतल्या एका नेपाळी शेजाऱ्यापाशी. तो सिंधुपाल्चोकचा. आमची ओळख चर्च स्ट्रीट पार्कवर मुलांचं क्रिकेट बघताना झाली. नेपाळ म्हणजे हिमालय, बर्फ, नद्या, तिथं कसली पाण्याची टंचाई, असं मी म्हणालो असेन. तो हसला. नद्या खाली दरीत, माणसं वर उतारावर, आणि मधे हजार फुटांचा कडा. वरची गावं जगतात ती झऱ्यांवर, त्याला ते 'मूल' म्हणतात. ते आटत चालले आहेत. २०१५ च्या भूकंपानंतर तर कित्येक ठिकाणी झऱ्यांनी जागाच बदलली, एका गावाचा बंद आणि भलत्याच ठिकाणी सुरू. त्याच्याच जिल्ह्यातल्या मेलम्ची नदीचं पाणी २६ किलोमीटरच्या बोगद्यातून काठमांडूला नेलं. काही दशकं रखडून ते मार्च २०२१ मध्ये पोचलं आणि जूनमध्ये आलेल्या पुराने बोगद्याच्या तोंडाशी गाळ आणि दगडांचा डोंगर करून ठेवला. भारताच्या बाजूलाही तेच. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात हिमालयातले जवळजवळ निम्मे झरे आटत असल्याचं म्हटलं आहे. "तुमचं मुंबई, आमचं काठमांडू," तो म्हणाला. मी त्याला बोअरची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, त्याने गावाला पंप घेऊन दिला होता, तो कुठे आहे ते तो विचारत नाही.

त्याआधी, २०१५ मध्ये, ऑफिसातल्या एका सहकारीणीने मला एक बातमी पाठवली होती. शहापूर तालुक्यातल्याच डेंगणमाळ गावची, पाणी आणायला माणूस हवं म्हणून दुसरं, तिसरं लग्न करण्याच्या प्रथेची. 'हे तुझ्या भागातलं का?' मी उत्तर लिहिलं, भारत मोठा आहे. आईच्या माहेरापासून ते किती लांब आहे हे मी नकाशावर मोजलं होतं, आणि तरी तसं लिहिलं.

२०२२ च्या मे महिन्यात मी गावी गेलो. मामा आता नाहीत. मामी ओट्यावर बसलेली, शेजारी काठी. टँकर एक दिवसाआड येत होता आणि तो विहिरीत ओतला, की मग त्या विहिरीतून काढायचं. 'हर घर जल'चा निळा पाईप घरापुढे येऊन थांबला होता, तोटीसकट. मामेभावाचा नातू ती तोटी फिरवून खेळत होता. भावली धरणाचं पाणी उतारानेच खाली आणून शहापूरच्या गावांना द्यायची योजना आहे, तिच्याबद्दल सगळे बोलत होते. मी मामीच्या पायाशी बसून बोअरचं सगळं सांगितलं, थर, केसिंग, वाचवलेले पैसे. तिने ऐकलं. मग म्हणाली, "दोन उन्हाळे तरी माझी सून सुखाने झोपली. पण झऱ्याचं बघा काहीतरी. मारुतीला पाणी घालायचं कुठून?"

बघितलं. गावातल्या पोरांनी एका भूजल अभ्यासकाला आणलं. त्याने आधी सगळ्या म्हाताऱ्यांना विचारलं, कोणता झरा कधी आटतो, आणि मग डोंगर चढला. बोअर खालपासून सिमेंट-मातीने बुजवली. तीनशे वीस फुटांचं माझं दान बुजवायला, खरं सांगतो, मारण्याइतकंच जिवावर आलं. देवळाच्या वरच्या उतारावर सलग समतल चर खणले, तिथली चराई बंद केली. यावरून दोन घरांत भांडण झालं, ते अजून आहे. दर वर्षी पाऊस संपता संपता ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे घालतात. झऱ्याखाली एक छोटी झाकलेली टाकी केली. पैसे आमचेच गेले, पण बोअरच्या निम्मेही नाहीत. या वेळी मी भाषण केलं नाही. मामी पुढच्या पावसाळ्यात गेली.

पहिल्या वर्षी काहीच फरक नव्हता. दुसऱ्या वर्षी धार गुढीपाडव्यापर्यंत टिकली. यंदा मेच्या पहिल्या आठवड्यात मामेभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला. खडक, फट, काळसर ओल, आणि त्यातून सुतळीएवढी धार. खाली स्टीलचा हंडा. पूर्ण हंडा भरेपर्यंत त्याने फोन हलवला नव्हता. अकरा मिनिटं.

आई आता ठाण्याला धाकट्या भावाकडे असते, चौऱ्याऐंशी वर्षांची. तिथं टॉवरमध्ये चोवीस तास पाणी आहे, तरी तिच्या मोरीत बादली भरलेली असते. मी तिला तो व्हिडिओ पाठवला आणि रविवारी फोन केला. भावाने सांगितलं, तिने सगळा बघितला, मधेच पुढे ढकलू दिला नाही.

"बघितलास का गं?"

"बघितला," आई म्हणाली. "माझ्या आजीच्या वेळी एवढ्यात चार भरायचे." मग थोडं थांबून, "दुसरा हंडा लावला का त्यांनी लगेच? टाकी भरून वाहत नाही ना? विचार त्याला."